आधी ‘क’, मग वेलांटी

हातात पेन्सिल घ्या आणि वहीच्या मागच्या पानावर ‘किल्ला’ हा शब्द लिहा. लिहिलात? आता आठवून सांगा, पहिल्या अक्षरात तुमच्या हाताने आधी काय काढले? कोणी वेलांटीची उभी रेघ आधी ओढून ठेवली असेल, तर कोणी ‘क’ पुरा करून, मग मागे येऊन वेलांटी दिली असेल. कागदाला दोन्ही सारखेच. वाचणाऱ्याला तुमचा हात कोणत्या क्रमाने फिरला हे कळत नाही, आणि कळण्याचे कारणही नाही. पण आता तोच शब्द तोंडाने म्हणून पाहा. आधी ‘क्’ येतो, मग ‘इ’. प्रयत्न केला तरी उलटे म्हणता येणार नाही.

म्हणजे डोळ्याला वेलांटी आधी दिसते आणि कानाला ‘क’ आधी ऐकू येतो. या भांडणात संगणक कानाच्या बाजूने उभा राहतो. संगणकावर मराठी लिहायला बसलेल्या नवशिक्याला पहिली ठेच लागते ती नेमकी याच जागी.

काही वर्षांपूर्वी बोरिवलीत आम्ही तीन-चार शिक्षक मिळून रविवारी सकाळी मोठ्या माणसांसाठी एक वर्ग चालवत होतो. शाळेच्या खोलीत १२ संगणक होते. शिकायला येणाऱ्यांत गृहिणी होत्या, निवृत्त मंडळी होती, एक रिक्षाचालक होते. शिकवायला मात्र आठवी-नववीची मुले होती. आम्ही शिक्षक मागे उभे राहून पाहायचे, एवढेच आमचे काम. विषय एकच ठेवला होता : वर्ड प्रोसेसर. म्हणजे मजकूर लिहिणे, दुरुस्त करणे, मांडणे आणि छापणे यांसाठी असलेली आज्ञावली. अर्ज, सोसायटीची नोटीस, मुलीच्या लग्नाची पत्रिका, वाचनालयाचा अहवाल, हे सगळे ज्याच्या त्याला स्वतः करता यावे, अशी कल्पना.

पहिल्याच रविवारी एक काका आले. एका कचेरीत त्यांनी ३० वर्षे मराठी टंकलेखन केले होते. मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा त्यांनी तरुणपणीच दिलेली. त्यांना शिकवायला नववीतली एक मुलगी बसली होती. काकांनी कळफलकावर वेलांटी शोधली, ती दाबली, मग ‘क’ दाबला. पडद्यावर आधी ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटले, त्याला वेलांटी चिकटलेली, आणि पुढे सुटा ‘क’.

“अगं, तुमचं यंत्र बिघडलंय,” काका म्हणाले.

“नाही काका. आधी ‘क’ टाका, मग वेलांटी.”

“वेलांटी आधी येते. तीस वर्षं आधीच येत आली आहे!”

मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, “दिसते आधी. म्हणताना मागून येते.”

मी संगणकावर बरीच पुस्तके वाचली आहेत. इतक्या थोड्या शब्दांत ही गोष्ट मला कुठे वाचायला मिळाली नव्हती.

काकांचा तरी काय दोष? ज्या यंत्रावर त्यांचा हात बसला होता, ते यंत्र डोळ्याच्या बाजूचे होते. टंकलेखन यंत्रात कळ दाबली की एक छोटी हातोडी उसळते, तिच्या टोकावर कोरलेला आकार शाईच्या फितीवर आपटतो आणि कागदावर छाप उमटतो. छाप उमटला की कागद धरणारी कॅरेज एक घर डावीकडे सरकते. यंत्राला अक्षर म्हणजे काय हे ठाऊकच नसते. त्याच्या दृष्टीने सगळे आकार. डावीकडून उजवीकडे जो आकार आधी दिसला पाहिजे तो आधी ठोकायचा. म्हणून वेलांटी आधी.

त्यात देवनागरीची आणखी एक अडचण होती. यंत्रावर सुमारे ४५ कळा, प्रत्येकीवर दोन आकार, म्हणजे फार तर ९० आकार बसणार. आपली व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, स्वर, मात्रा, रफार, अंक, विरामचिन्हे मोजून पाहा, ९० जागा कुठच्या कुठे संपतात. तेव्हा यंत्र बनवणाऱ्यांनी एक नामी युक्ती केली. अर्धा ‘ख’ आणि काना एवढेच ठेवले. अर्धा ‘ख’ ठोकून त्याला काना लावला की पुरा ‘ख’ तयार! मात्रांच्या कळा त्यांनी ‘मुक्या’ ठेवल्या, म्हणजे छाप उमटतो पण कॅरेज सरकत नाही, आणि पुढचे अक्षर त्या मात्रेखाली येऊन बसते. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. पुढे देवनागरी यंत्रांवर महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांचा कारभार कित्येक वर्षे चालला. ती युक्ती वाईट नव्हती. लोखंडात यापेक्षा अधिक काही करणे कठीणच होते.

आता संगणकाकडे वळू. संगणकाच्या स्मृतीत आकार ठेवलेले नसतात, संख्या ठेवलेल्या असतात. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक ठरलेली संख्या द्यायची, अशी ‘युनिकोड’ नावाची व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात ‘क’ चा क्रमांक २३२५. ‘ख’ चा २३२६, ‘ग’ चा २३२७, असे करत आपली बाराखडी ओळीने बसली आहे. मात्रांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. काना २३६६, पहिली वेलांटी २३६७, दुसरी वेलांटी २३६८. ‘मराठी’ हा शब्द संगणकात असा असतो : २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. तुम्ही उच्चारता त्याच क्रमाने.

जोडाक्षरांचे काय? त्यांसाठी वेगळे क्रमांक नाहीत. पाय मोडण्याची खूण, म्हणजे हलन्त, हिचा क्रमांक २३८१ आहे. ‘क्ष’ साठी २३२५, २३८१, २३५९ अशा तीन संख्या लागतात : क, पाय मोडा, ष. ‘क्र’ म्हणजे क, हलन्त, र. तेच उलटे केले, र, हलन्त, क, की ‘र्क’ होतो आणि र चा रफार होऊन डोक्यावर जाऊन बसतो. शाळेत व्याकरणाच्या तासाला जो नियम आपण घोकतो, तोच इथे यंत्राच्या पोटात जसाच्या तसा बसवला आहे. मराठीच्या एका खास अक्षराचीही सोय यात आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. दोहोंतला र वेगळा दिसतो, वेगळा उच्चारला जातो. दुसऱ्या शब्दातल्या र ला निराळा क्रमांक आहे, २३५३.

घरी संगणक असेल तर एक प्रयोग करा. लिब्रे ऑफिस रायटर किंवा वर्ड उघडा. इंग्रजी अंकांत ०९१५ टाईप करा आणि लगेच ऑल्ट ही कळ दाबून ठेवून एक्स दाबा. ती चार चिन्हे नाहीशी होऊन ‘क’ येईल. हे ०९१५ म्हणजे आपले २३२५ च, फक्त १६ च्या पायावर लिहिलेले. ९ गुणिले २५६, अधिक १ गुणिले १६, अधिक ५. बेरीज करून पाहा. दुसरा प्रयोग याहून सोपा. ‘कि’ लिहा आणि मागे पुसण्याची कळ, बॅकस्पेस, एकदा दाबा. काय गेले? वेलांटी. डोळ्याला ती पहिली दिसत असली तरी साखळीतली शेवटची कडी तीच होती.

आमच्या वर्गात काकांच्या शेजारी एक गुजराती बाई बसत. बोरिवली काय, मुलुंड-घाटकोपर काय, आपल्या उपनगरांत मराठी आणि गुजराती शेजार नेहमीचाच. त्यांना आपल्या भाषेत पत्र लिहायचे होते. काकांनी कळफलकावर इंग्रजी के ची कळ दाबली की देवनागरी ‘क’ उमटे. बाईंनी भाषा बदलून तीच कळ दाबली तर गुजराती ‘क’ उमटला! काकांना हा योगायोग वाटला. तो योगायोग नव्हे. भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाचा एकच कळफलक १९८६ साली आखण्यात आला, आणि १९९१ साली भारतीय मानकाने, आयएस १३१९४ या क्रमांकाखाली, चिन्हांच्या संख्यांबरोबर त्यालाही मान्यता दिली. आपल्या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी वर्णमालेचा सांगाडा एकच आहे, ही गोष्ट ओळखून ही आखणी झाली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. आपल्या भाषांत व्यंजनामागे स्वर येतोच, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. मुंबईत मराठीवर शिकलेला हात अहमदाबादेत वा बंगळुरात पुन्हा शिकवावा लागत नाही. युनिकोडनेही हाच सांगाडा उचलला आणि प्रत्येक लिपीला १२८ घरांची एक चाळ दिली. गुजराती ‘क’ चा क्रमांक २७०९. त्यातून आपल्या ‘क’ चे २३२५ वजा करा : ३८४, म्हणजे बरोबर १२८ ची तिप्पट. देवनागरीपासून तिसरी चाळ, आणि चाळीतली खोली तीच!

पण स्मृतीत नुसत्या संख्याच असतील तर पडद्यावर सुबक अक्षरे येतात कुठून? ते काम टंकाचे, म्हणजे फॉन्टचे. टंकात आकार असतात आणि कोणत्या संख्यांच्या साखळीसाठी कोणता आकार घ्यायचा याचे नियम असतात. आकार लावणारी आज्ञावली ते नियम वाचून वेलांटी उचलते व ‘क’ च्या डावीकडे नेऊन ठेवते. संख्यांचा क्रम मात्र ती बदलत नाही. असा टंक देवनागरीसाठी बनवणे सोपे नव्हते, आणि त्या कामातला एक मोठा वाटा आपल्या उपनगरांतच उचलला गेला. रघुनाथ कृष्ण जोशी हे सुलेखनकार पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत असत. पुढे ते जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम करू लागले. विंडोज २००० या प्रणालीबरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनी रेखला. पडद्यावर तुम्ही मराठी मजकूर पाहिला असेल, तर ‘मंगल’ नाव माहीत नसतानाही त्याची अक्षरे बहुधा पाहिली असतील. जोशी २००८ साली वारले.

आता शिकवण्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. वर्ड प्रोसेसर दिसतो टंकलेखन यंत्रासारखा. कळा तशाच, पांढरा कागदही तसाच. म्हणून नवशिका त्याच्याशी टंकलेखन यंत्रासारखाच वागतो. ज्याने ते यंत्र जन्मात पाहिले नाही, तोसुद्धा! ओळ संपत आली की एंटर दाबतो. शीर्षक मध्यभागी आणायचे तर मोकळ्या जागेची लांब कळ, स्पेसबार, पंचवीस वेळा दाबतो. कागदावर छापून पाहिले तर सारे ठाकठीक दिसते, म्हणून शिकवणाराही काही बोलत नाही.

अशा पद्धतीने चार-पाच ओळींचा एखादा अर्ज लिहा. मग सगळा मजकूर निवडून अक्षरांचा आकार १२ वरून १६ करा. पाहा कशी दाणादाण उडते ती! अर्ध्या ओळी, तुटलेले शब्द, शीर्षक भलतीकडे. आता लिब्रे ऑफिसमध्ये कंट्रोल आणि एफ १० या कळा एकत्र दाबा. एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतील. प्रत्येक स्पेसचा एक ठिपका, प्रत्येक एंटरची एक उलट्या ‘पी’ सारखी खूण. एंटर हीसुद्धा साखळीतली एक कडीच आहे. तिचा अर्थ ‘परिच्छेद संपला’ असा आहे, ‘ओळ संपली’ असा नाही. ओळ कुठे मोडायची ते यंत्र स्वतः मोजते आणि कागदाची रुंदी बदलली की पुन्हा मोजते. शीर्षकाला पंचवीस स्पेस देण्याऐवजी कंट्रोल आणि ई दाबले की आपण यंत्राला सांगतो, ‘हे मध्यभागी ठेव’. मग कागद कोणताही असो, ते तिथेच राहते. नवशिक्यांना मी बाकी काही शिकवले नाही तरी ही खुणांची कळ मात्र पहिल्या दिवशी दाखवतो. डोळ्यांना न दिसणारे दिसू लागले की पुष्कळसे प्रश्न विचारायच्या आतच सुटतात.

हे शहाणपण मला आधी नव्हते. सुरुवातीचे दोन रविवार मी स्वतः शिकवायला उभा राहिलो आणि दोन्ही वाया घालवले. फाइल, एडिट, व्ह्यू असे करत मेनूतली नावे एकामागून एक सांगत सुटलो. समोरची मंडळी वहीत उतरवून घेत होती. कोणाचा हात कळफलकावर नव्हता. कोणी अडले की मी त्यांच्या हातातला माऊस घ्यायचा, भराभरा चार ठिकाणी टिचकी मारायची आणि म्हणायचे, “झालं बघा!” झाले माझे होते, त्यांचे नव्हे. शिक्षक वाचकांनी स्वतःला विचारून पाहावे, आपल्यापैकी किती जण हे करतात.

पवईच्या आयआयटीत या प्रश्नावर फार बारकाईने काम झाले आहे. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने २०१० च्या सुमारास तेथे ‘स्पोकन ट्यूटोरियल’, म्हणजे बोलके पाठ, हा उपक्रम उभा राहिला. केंद्र शासनाच्या शिक्षण खात्याने त्याला पैसा दिला. मुक्त आज्ञावल्या शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्र पाठ त्यात आहेत, आणि लिब्रे ऑफिस रायटरची एक मालिकाच आहे. पडद्यावर आज्ञावली इंग्रजीतच दिसते, कारण नोकरीत तीच समोर येणार. पण सांगणारा आवाज मराठीत, गुजरातीत, तमिळमध्ये, ज्याच्या त्याच्या भाषेत असतो. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला रायटर उघडायचे, थोडे पाहायचे, थांबवायचे, तसे करून पाहायचे. अडले तर पाठ मागे न्यायचा. आवाज कंटाळत नाही, आणि मुख्य म्हणजे तो माऊस हिसकावून घेत नाही.

हे पाठ तयार करायची रीत मला सर्वांत आवडली. आधी संहिता लिहितात. तिचे दोन रकाने असतात : एकात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात काय बोलायचे ते. विषयाचा जाणकार ती तपासतो, हे तर झालेच. पण ती एका नवख्यालाही तपासायला देतात, ज्याला तो विषय येत नाही अशा माणसाला. त्याने नुसती संहिता वाचून सगळे करून पाहायचे. तो जिथे अडेल तिथे चूक त्याची नाही, पाठाची. असा परीक्षक शाळेच्या पाठ्यपुस्तकांनाही मिळाला तर काय बहार येईल! आम्ही लगेच ही पद्धत उचलली. मुलांनी अर्धे पान सूचना लिहायच्या, वर्गातल्या सर्वांत नवख्या माणसाने त्या वाचून काम करायचे, मुलांनी हाताची घडी घालून पाहायचे. पहिल्याच सूचनेत मुलांनी लिहिले होते, ‘फाइल सेव्ह करा’. रिक्षावाले दादा म्हणाले, “ती वाचवायची कशापासून?” सूचना पुन्हा लिहावी लागली.

काका आता ‘क’ नंतर वेलांटी टाकू लागले होते. हात अजून चुके, मग स्वतःशीच पुटपुटत. एका रविवारी ते एक सीडी घेऊन आले. त्यांच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयाने १९९८ साली रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढली होती. मजकूर काकांनीच संगणकावर टाईप केला होता. जुन्या सभासदांचे लेख, आठवणी, पहिल्या देणगीदारांची नावे, असे पुष्कळ काही. छापील प्रती वाचनालयात तळमजल्यावर होत्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी दहिसर नदीचे पाणी आत शिरले. एका प्रतीची चार पाने काय ती उरली. लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नव्हते. “सगळं या सीडीवर आहे,” काका म्हणाले.

सीडी उघडली. पडद्यावर आली ती इंग्रजी अक्षरे आणि विचित्र चिन्हांची गिचमिड. एकही मराठी शब्द नाही.

काय झाले असेल, ते तुमच्या लक्षात आले असेल. १९९८ साली रोजच्या वापरातल्या संगणकांवर देवनागरीचे स्वतःचे क्रमांक पोचले नव्हते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे ‘जिस्ट’ तंत्र होते, पण ते सर्वत्र नव्हते. छापखान्यांनी आणि टंक बनवणाऱ्यांनी सोपी वाट धरली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवून टाकले. हिंदी-मराठीत फार चाललेल्या ‘कृतिदेव’ टंकात ‘क’ चे चित्र इंग्रजी डी च्या जागी आहे आणि वेलांटीचे एफ च्या जागी. तो टंक असला तर ‘कि’ दिसते, नसला तर ‘एफडी’. म्हणजे संगणकाच्या अंगावर टंकलेखन यंत्राचाच सदरा! स्मृतीत मराठी कधी नव्हतीच, होती ती फक्त टंकात. आणि प्रत्येक टंक बनवणाऱ्याचा तक्ता वेगळा. प्रचलित टंकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावल्या तयार मिळतात. काकांचा टंक कोणत्या तरी लहान कारखान्यातला होता. त्याचा तक्ता आम्हाला मिळाला नाही.

मग मुले कामाला लागली. हे एक कोडेच होते, सांकेतिक लिपी उलगडण्यासारखे. हाताशी चार छापील पाने होती आणि त्याच पानांची गिचमिड. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी तक्ता भरायला घेतला. कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजले, सर्वांत जास्त वेळा येणारे चिन्ह कान्याचे निघाले. ‘आणि’, ‘आहे’, ‘होते’ असे वारंवार येणारे शब्द ओळखले. दोन रविवारांत बहुतेक सगळा तक्ता तयार झाला. मग वर्ड प्रोसेसरमधली ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरून एकेक चिन्ह बदलायचे ठरले.

इथे दोन फजित्या झाल्या. उत्साहाच्या भरात एका मुलाने पहिल्यांदा काना बदलला. पण हा टंक टंकलेखन यंत्राच्या वळणाचा होता, अर्धा ‘ख’ आणि काना मिळून पुरा ‘ख’. काने आधीच बदलल्यामुळे पानभर ‘ख्’ आणि त्यापुढे लटकणारे काने झाले. सगळे पूर्ववत करून आधी जोडीने येणारी चिन्हे बदलायची आणि सुटे काने शेवटी, असा क्रम लावावा लागला. दुसरी फजिती अपेक्षितच होती. वेलांट्या सगळ्या अक्षरांच्या आधी आलेल्या, रफार सगळे नंतर आलेले! ठिपक्यांच्या वर्तुळांनी पडदा भरून गेला. ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नावाची एक सोय असते, तिच्यात नेमका शब्द न देता नमुना देता येतो : वेलांटी आणि तिच्यामागे कोणतेही एक व्यंजन, यांची अदलाबदल कर. ती वापरली. ‘किल्ला’ सुधारला, पण ‘स्थिती’ बिघडली. वेलांटी स च्या मागे आली आणि थ तसाच राहिला. वेलांटीला जोडाक्षर पुरे ओलांडून पलीकडे जायला हवे, म्हणून नमुना बदलला : पाय मोडलेली व्यंजने असतील तेवढी आणि त्यांनंतरचे एक पुरे व्यंजन. हा नियम सुचवला तो काकांच्या शेजारी बसणाऱ्या त्या नववीतल्या मुलीनेच. रफाराचा नियम तुम्ही करून पाहा. ‘वर्ग’ हा शब्द त्या टंकात व, ग, रफार असा येतो. तो व, र, हलन्त, ग असा व्हायला हवा. आणि नुसता ‘वर्ग’ सुधारून थांबू नका, ‘मार्गी’ वर तुमचा नियम चालतो का तेही पाहा.

स्मरणिका वाचता येऊ लागली. काही जागा शेवटपर्यंत अडल्या, तिथे मुलांनी चौकोन काढून ठेवले. मग वर्गातल्या सगळ्यांनी पाने वाटून घेऊन मुद्रिते तपासायला सुरुवात केली. एका सभासदाने सह्याद्रीतल्या आपल्या भटकंतीवर लेख लिहिला होता. त्यात ठिकठिकाणी ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे होते. मुलगी म्हणाली, “इथे आपला नियम चुकला असणार. काका, डोंगरात समुद्र कुठला?”

काकांनी चष्मा वर केला आणि ओळ दोनदा वाचली. “नियम चुकला नाही. हे मीच टाईप केलं होतं. त्या टंकात तो र नव्हताच. लेख ज्यांचा होता ते छापून आल्यावर माझ्यावर चिडले होते.”

त्यांनी शब्द पुसला. द टाकला, शिफ्ट धरून जे दाबले, मग हलन्त, मग य, मग काना. पडद्यावर ‘दऱ्या’ उमटले. पुढची जागा शोधायला त्यांनी पान खाली सरकवले.